रायरंदाला परवाना कोण देणार?

जळगावच्या टॉवर चौकात उभे राहून कुणाला ढोलकीवर गाणे म्हणायचे असेल, आणि पुढ्यात अंथरलेल्या फडक्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याने टाकलेले चार पैसे घ्यायचे असतील, तर त्याने परवानगी कुणाची घ्यायची? प्रश्न साधा आहे. मी तो तीन ठिकाणी विचारून पाहिला. एका कार्यालयात मला लाऊडस्पीकरच्या परवानगीचा अर्ज दाखवण्यात आला. लाऊडस्पीकर नाही, नुसती ढोलकी आहे, असे म्हटल्यावर अर्ज परत खणात गेला. दुसऱ्या ठिकाणी फेरीवाल्यांचे काम पाहणाऱ्या गृहस्थांनी विचारले, ‘‘माल काय विकणार?’’ मी म्हटले, ‘‘गाणे.’’ ते मनापासून हसले आणि म्हणाले, ‘‘मग तो फेरीवाला नाही.’’ तिसऱ्या ठिकाणी निवृत्तीला आलेले एक कारकून भेटले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि शांतपणे सांगितले, ‘‘साहेब, याला परवानगी नसते. याच्यावर कारवाई असते.’’

त्या कारकुनांनी एका वाक्यात जे सांगितले, ते कायद्याला धरूनच आहे. मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियम, १९५९ हा आपल्या राज्याचा कायदा. भीक मागणे म्हणजे काय, याची व्याख्या करताना तो सांगतो, की सार्वजनिक जागी भिक्षा मागणे किंवा घेणे ही भीक होय. मग ती गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखवणे किंवा एखादी वस्तू विकायला पुढे करणे अशा कुठल्या बहाण्याने असो वा नसो. यातला ‘बहाणा’ हा शब्द वाचकांनी जरा थांबून वाचावा. गाणे हा बहाणा, खरी गोष्ट भीक. दोरीवरून चालत जाणे हा बहाणा, खरी गोष्ट भीक. नाट्यगृहात पैसे आधी द्यायचे आणि गाणे नंतर ऐकायचे, म्हणून ती कला. रस्त्यावर गाणे आधी ऐकायचे आणि पैसे नंतर द्यायचे, तेही पटले तरच, म्हणून तो गुन्हा. ग्राहकाच्या दृष्टीने पाहिले तर दुसरा व्यवहार अधिक सचोटीचा म्हणायला हवा. पण कायदा करणाऱ्यांना तसे वाटले नाही.

आणि गुन्हा किरकोळ नाही. पोलीस अशा माणसाला वॉरंटाशिवाय पकडू शकतात. चौकशीत तो भिकारी ठरला, तर न्यायालय त्याला पहिल्याच वेळी किमान एक आणि कमाल तीन वर्षे भिकारीगृहात ठेवण्याचा हुकूम देऊ शकते. पुन्हा पुन्हा सापडला, तर ही मुदत दहा वर्षांपर्यंत जाते. हमीपत्रावर सोडण्याची सोय आहे. पण हमी कसली, तर पुन्हा भीक मागणार नाही याची. म्हणजे गाण्याच्या बाबतीत, पुन्हा गाणार नाही याची.

रस्त्यावरची कला म्हटली, की शहरी वाचकाच्या डोळ्यांपुढे हल्ली गिटार घेतलेला तरुण येतो. आमच्या खानदेशातली यादी निराळी आहे. पहाटे मोरपिसांची टोपी घालून येणारा वासुदेव, डौर वाजवत दारी येणारे डवरी गोसावी, नंदीबैलवाला, पाठीवर आसूड ओढणारा पोतराज आणि डोक्यावर देव्हारा घेतलेली त्याची बायको, दोरीवरचे डोंबारी, गोंधळी, भराडी, गारुडी. कानबाईच्या दिवसांत वही गाणारे; नावात वही आहे, पण बहुतेकांचे गाणे तोंडपाठ. आणि या सगळ्यांत आम्हा मुलांचा लाडका रायरंद. बाकी महाराष्ट्र ज्याला बहुरूपी म्हणतो, तो आमच्याकडे रायरंद.

माझे आजोळ धुळ्याकडचे. सुगी संपत आली, की एखाद्या सकाळी गल्लीच्या तोंडाशी ओरडा व्हायचा, ‘‘रायरंद उना, रायरंद उना!’’ आणि खाकी कपड्यांतला, पायांत पट्ट्या गुंडाळलेला, हातात फाटकी वही घेतलेला फौजदार ओसरीवर येऊन उभा राहायचा. आजोबांच्या नावाचे वॉरंट त्याच्याकडे असायचे. गुन्हा काय, तर म्हातारपणी दुसरे लग्न करण्याचा इरादा आणि शेजाऱ्याच्या कोंबडीला नावाने हाक मारणे. आजोबा घाबरल्याचे सोंग करायचे. आजी आतून, ‘‘खुशाल घेऊन जा,’’ म्हणायची. मग जामिनाची बोलणी होऊन सुपात दादर यायची. (दादर म्हणजे आमची रब्बीची ज्वारी, मुंबईच्या वाचकांनी स्टेशन समजू नये.) दुसऱ्या दिवशी तोच माणूस मारवाड्याच्या वेषात वसुलीला यायचा, तिसऱ्या दिवशी बाळंतपणाला निघालेल्या बाईच्या वेषात.

आता यातला कायदेशीर भाग पाहा. सरकारी नोकराचा गणवेष, आपण तो नोकर आहोत असे लोकांना वाटावे या हेतूने घालणे, हा भारतीय दंड विधानाच्या कलम १७१ खाली गुन्हा होता. शिक्षा तीन महिने कैद किंवा दोनशे रुपये दंड. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम २०५ मध्ये आहे आणि दंड पाच हजारांपर्यंत गेला आहे. गुन्ह्याचे मर्म हेतूत आहे. आजोबांच्या ओसरीवर तो हेतू नव्हता, कारण शेंबड्या पोरापासून पोलीस पाटलापर्यंत सगळ्यांना तो रायरंद आहे हे ठाऊक होते. किंबहुना ते ठाऊक असणे, हीच सगळी गंमत होती. पण तोच माणूस, त्याच खाकी वेषात, जळगावच्या एखाद्या नव्या कॉलनीत बंगल्याची बेल वाजवतो तेव्हा काय होईल? दाराला साखळी लावून आतली बाई विचारील, ‘‘कोण?’’ आणि ‘‘मी रायरंद,’’ असे सांगण्याची पाळी येणे म्हणजेच त्याचा खेळ संपणे.

मला म्हणायचे आहे ते इथे आहे. या लोकांना जुन्या गावात परवाना लागत नव्हता असे आपण समजतो. लागत होता. ओळख हाच तो परवाना होता. कोणत्या घराण्याने कोणत्या मुलखात फिरायचे, हे त्यांचे त्यांच्यात वाटलेले असे. एकाच्या गावात दुसरा शिरला, तर जातपंचायतीत न्याय होई. गावात आल्यावर पोलीस पाटलाला वर्दी द्यायची, पाल कुठे टाकायचे ते विचारायचे, खळ्यावर आपला वाटा मागायचा, अशी रीत होती. बाप जिथे आला, तिथे मुलगा येई. म्हणून नवा मुलगाही अनोळखी नसे. हे सगळे गोजिरे होते, असे माझे म्हणणे नाही. जातीच्या उतरंडीत हे लोक अगदी तळाशी होते आणि पंचायतीचे न्याय पुष्कळदा क्रूर असत, बायकांच्या बाबतीत तर फारच. शिवाय गावालाही ते नेहमी हवेसे नसत. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’त फिरस्त्यांवर जो मजकूर आहे तो वाचावा. कुणब्याच्या खळ्यावर हात मारणारे ऐतखाऊ, असाच त्यांचा सूर आहे. आत्र्यांचे निरीक्षण बारीक होते. पण शेतकऱ्याची बाजू घेताना फिरस्त्याची बाजू त्यांना दिसली नाही.

त्याच काळात सरकारी कागदही आला. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ च्या नव्या कायद्याने तो इतर इलाख्यांतही नेता आला. ज्या जमातींची नावे यादीत गेली, त्यांच्या माणसांची नोंदणी झाली, हजेरी सुरू झाली, गाव सोडायचे तर पास लागू लागला. सोलापूरला तारेच्या कुंपणाचे ‘सेटलमेंट’ झाले. कलेवर आणि खेळावर पोट भरणारे काही समाजही या यादीत होते. हा कायदा गेला आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. म्हणजे भटक्या माणसाला सरकारने दिलेला पहिला कागद हा त्याला हिंडू देण्यासाठी नव्हता, त्याच्यावर नजर ठेवण्यासाठी होता. ‘परवाना’ म्हटल्यावर या समाजातल्या म्हाताऱ्या माणसांच्या कपाळावर आठी पडते, ती उगाच नाही. आणि विमुक्तीला सात वर्षे होत नाहीत, तोच १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आला.

हे सगळे जुने झाले, आता त्याचे काय, असे कुणी म्हणेल. त्याने साक्री तालुक्याचा नकाशा काढावा आणि राईनपाडा शोधावा.

१ जुलै २०१८. रविवार होता, राईनपाड्याचा आठवडे बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. मूळचे ते सोलापूरकडचे, मंगळवेढा भागातले. पिंपळनेरला पाले टाकून होते. भिक्षा मागत, गावे करत हिंडणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. त्या दिवसांत मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवा मोबाइलवरून खानदेशभर फिरत होत्या. नुसत्या खानदेशात नव्हे, त्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी अशा अफवांनी माणसे मारली गेली. या पाचांपैकी कुणी एका लहान मुलीशी बोलला, एवढे निमित्त झाले, असे तेव्हाच्या बातम्यांत आले. जमाव जमला. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि तिथे मारले. पाचही जण मेले. मारहाण चालू असताना तिची चित्रे काढली गेली आणि ती अफवांच्याच वाटेने घरोघर पोचली.

मी त्या घटनेकडे पुन्हा पुन्हा येतो, याला कारण आहे. डवरी गोसाव्याला ओळखणे हे एके काळी खानदेशात काही विशेष ज्ञान नव्हते. डौराचा आवाज आला, की मूल आईच्या पदराआड जाई, आई पसा घेऊन बाहेर येई. राईनपाडा हा सह्याद्रीच्या कुशीतला आदिवासी भाग. तिथल्या तरुणांची बोली वेगळी, आलेल्यांची वेगळी. ज्या कुणाला ते कोण आहेत हे सांगता आले असते, तो म्हातारा त्या गर्दीत नव्हता, किंवा असला तरी त्याचे कुणी ऐकले नाही. याआधीही असे झाले होते. २०१२ च्या मे महिन्यात नागपूरच्या कळमना भागात नाथजोगी समाजाच्या बहुरूप्यांना जमावाने चोर समजून ठार मारले. बहुरूप्याचे सोंगच त्याच्या जिवावर उठले.

तेव्हा एक कागद असता तर? हा प्रश्न मी अनेकांना विचारला आहे आणि उत्तरे दोन्ही बाजूंनी मिळाली आहेत. आधार कार्ड आज भटक्याच्याही खिशात असते, मग आणखी कागद कशाला, असे काही जण म्हणतात. पण आधार कार्डावर छायाचित्र असते, जन्मतारीख असते, पत्ता असतो. हा माणूस तुमच्या गावात कशासाठी आला आहे, त्याचा धंदा काय, हे त्यावर नसते. आणि दूरच्या जिल्ह्याचा पत्ता हाच संशयाला पुरावा ठरतो. उलट बाजूने भटक्या-विमुक्तांतले एक कार्यकर्ते मला म्हणाले, ‘‘तुम्ही जळगावहून पुण्याला जाता, तेव्हा गळ्यात कागद अडकवून जाता का? मग आम्हीच का?’’ हा सवाल बिनतोड आहे. पेटलेला जमाव कागद वाचत नाही, हेही खरे आहे. राईनपाड्याला ज्या गोष्टीची गरज होती ती म्हणजे वेळेवर पोचलेले पोलीस. तरीही कागदाचा प्रश्न निकालात निघत नाही. जमाव पेटण्याआधी अर्धा तास असतो. त्या अर्ध्या तासात सरपंच, पोलीस पाटील, बाजारातला एखादा दुकानदार यांच्या हाती ‘‘याला सरकार ओळखते’’ असे म्हणायला काही असावे, इतकीच माझी अपेक्षा आहे.

राईनपाड्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी, ८ ऑगस्ट २०१८ ला, दिल्ली उच्च न्यायालयाने एक निकाल दिला. दिल्लीने भीक प्रतिबंधाचा कायदा मुंबईकडूनच उसना घेतला होता, तो हाच १९५९ चा. त्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. पुढच्या वर्षी जम्मू-काश्मीरच्या उच्च न्यायालयाने तिथला तसाच कायदा रद्द केला. जुलै २०२१ मध्ये रस्त्यावर भीक मागण्यास बंदी घालावी अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा दारिद्र्यामुळे माणूस भीक मागतो, तिथे उच्चभ्रू दृष्टी आपण घेणार नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. पण दिल्लीचा निकाल दिल्लीपुरता. कायद्याच्या माहेरी, म्हणजे महाराष्ट्रात, तो ‘बहाणा’ अजून जागच्या जागी आहे.

बाकीचे नियमही थोडक्यात पाहू. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या, म्हणजे १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याच्या, कलम ३३ खाली मेळे आणि तमाशे धरून लोकांच्या करमणुकीच्या खेळांना परवाना लावता येतो. कलम ३७ खाली गाणी म्हणणे आणि वाद्ये वाजवणे यांवर काही दिवसांपुरती बंदी घालता येते. सण जवळ आले, की वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात जिल्हादंडाधिकाऱ्यांचा तो आदेश आपण वाचतोच. संहिता आधी तपासून घ्यायची, तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आहे. तंबू ठोकून तिकीट लावणाऱ्या तमाशाला या सगळ्यातून जावे लागते आणि तो जातोही. त्याचे हाल आहेत, पण त्याला कायद्यात नाव आहे. रायरंदाची संहिता कुणी तपासायची? ती समोरच्या यजमानाचा चेहरा पाहून जागच्या जागी तयार होते.

नियमच नकोत, असे माझे म्हणणे नाही, हे इथे स्पष्ट केलेले बरे. काही नियमांनी चांगलेच केले. अस्वलाच्या नाकात वेसण घालून हिंडणारे दरवेशी आम्ही लहानपणी पाहिले. ताप उतरावा म्हणून मुलांना त्या अस्वलाच्या पाठीवर बसवत. १९९८ मध्ये केंद्र सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या, सिंह यांचे खेळ बंद केले आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उचलून धरली. त्या अस्वलाच्या डोळ्यांत पाहिलेला कुणी याला विरोध करणार नाही. २०११ मध्ये त्या यादीत बैलही आला. नंदीबैलाने मान हलवून ‘‘पाऊस पडेल’’ म्हणणे हा कायद्याच्या भाषेत प्रयोग होतो की नाही, हे मी जाणकारांवर सोडतो. पण अस्वल गेल्यावर दरवेशाने काय करायचे, याची सोय त्या मानाने फार थोड्यांची झाली.

डोंबाऱ्याच्या पोरीचेही तसेच. बसस्थानकाबाहेर बांबूच्या कैच्या उभ्या करून सात-आठ वर्षांची मुलगी दोरीवर चढते, खाली आई ढोलके बडवते, तेव्हा मला टाळी वाजवता येत नाही. तिने शाळेत असायला हवे. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ ला दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना सरसकट कामबंदी आली. मात्र चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका, जाहिराती यांत काम करणाऱ्या बालकलावंतांना अटींसह सूट मिळाली, आणि सर्कस वगळली गेली. मालिकेत रात्री अकरापर्यंत रडणारे मूल जर कलावंत, तर दोरीवरची मुलगी कोण? मुलांकडून भीक मागवणाऱ्याला २०१५ च्या बालन्याय कायद्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तिच्या आईवर हे कलम लावायचे, की मुलीला निवासी शाळेत घालून आईला दुसरे काही काम द्यायचे, हे शेवटी त्या चौकातल्या हवालदाराच्या मनावर असते.

इतके नियम असताना मग नाही काय? कलावंताला उभे राहण्याचा हक्क देणारा एकही नियम नाही. आणि तो कसा असावा, हे शोधायला लांब जायला नको. फुले मार्केटच्या भोवताली बसणाऱ्या भाजीवालीला विचारावे. १ मे २०१४ पासून पथविक्रेत्यांचा केंद्रीय कायदा अमलात आला. त्यात सर्वेक्षण आहे, विक्री-प्रमाणपत्र आहे, शहराची पथविक्रेता समिती आहे आणि त्या समितीत चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्या स्वतःच्या प्रतिनिधींना आहेत. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावे, असे धोरण आहे. प्रमाणपत्राच्या अटी पाळणाऱ्याला पोलीस किंवा इतर कुणी अडवू नये, असे कलम आहे. कायदा कागदावर आहे तितका रस्त्यावर नाही, हे मान्य. अतिक्रमणाची गाडी येते तेव्हा प्रमाणपत्र बाजूला राहते. पण भांडायला कागद आहे. २०२० मध्ये स्वनिधी योजना आली, तेव्हा त्याच ओळखीवर दहा हजारांचे कर्ज मिळाले. या कायद्यात पथविक्रेता म्हणजे वस्तू विकणारा किंवा लोकांना सेवा देणारा. गाणे ही सेवा का नव्हे? व्याख्येत दोन शब्दांची भर घातली, तर हा प्रश्न निम्मा सुटतो.

उरलेला निम्मा अवघड आहे, कारण फेरीवाला त्या शहराचा असतो आणि रायरंद कुठल्याच शहराचा नसतो. जळगाव महापालिकेचे प्रमाणपत्र धुळ्यात चालणार नाही, धुळ्याचे साक्रीच्या बाजारात चालणार नाही. म्हणून हे ओळखपत्र राज्याचे हवे, आणि ते प्रत्येक नगरपालिकेने व ग्रामपंचायतीने मानले पाहिजे. गावात आल्यावर वर्दी द्यायची जुनी रीत आहेच. ती दिल्याची पोच पोलीस ठाण्याने द्यावी आणि त्या पोचेबरोबर त्याच्या रक्षणाची जबाबदारीही घ्यावी. कागद बांधून घालणार असेल तर तो अधिकाऱ्याला घालो, कलावंताला नको.

परदेशातली उदाहरणे देण्याचा मोह होतो. लंडनच्या भुयारी रेल्वेत २००३ पासून वादकांना रीतसर परवाने आहेत, जमिनीवर अर्धवर्तुळे आखलेली आहेत आणि निवड-चाचणी घेतली जाते. सिंगापूरलाही चाचणी आहे. न्यूयॉर्कमध्ये महापौर ला गार्डिया यांनी १९३० च्या दशकात रस्त्यावरच्या बाजेवाल्यांचे परवाने बंद केले आणि ते दार १९७० मध्ये उघडले. तिथल्या जागा आखून देण्याची पद्धत आपण जरूर घ्यावी. चाचणी मात्र घेऊ नये. परीक्षक म्हणून कोण बसणार? सांस्कृतिक समितीचे कुणी पुढारी, एखादे संगीतशिक्षक, एक अधिकारी. रायरंदाचा खेळ मुळात पुढाऱ्याची आणि अधिकाऱ्याची टर उडवण्याचा. त्याला त्यांच्यापुढे उभे करून गुण द्यायचे, म्हणजे मांजरीला उंदराने दिलेले प्रशस्तिपत्र ठरेल. रस्त्यावर परीक्षा रोज होतेच. खेळ आवडला नाही, तर माणूस पुढे जातो.

सरकारला या कलांचे वावडे आहे असेही नाही. योजनांचा प्रचार करायचा असला, की लोककला पथकांची निवड होते. मतदान करा, हागणदारी बंद करा, मुलगी वाचवा हे सांगायला वासुदेवाची टोपी चालते. त्या दिवशी तो चौकात गातो आणि त्याला मानधनही मिळते. दुसऱ्या दिवशी तोच माणूस, तीच टोपी घालून, त्याच चौकात देवाचे नाव घेऊन गातो, तेव्हा तो १९५९ च्या कायद्यात जातो.

म्हातारपणचे काय? ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधनाची योजना आहे आणि २०२४ मध्ये तिची रक्कम दरमहा पाच हजारांपर्यंत वाढली. अर्जासोबत कला सादर केल्याचे पुरावे लागतात. ज्याने आयुष्यभर ओसऱ्यांवर सोंगे आणली, त्याच्याकडे कात्रणे कुठून येणार? जातीच्या दाखल्याचेही तेच. भटक्या आणि विमुक्त जातींसाठी महाराष्ट्रात २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. भटक्याने वास्तव्य सिद्ध करायचे! बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये आणि भिकू इदाते यांच्या आयोगाने २०१८ मध्ये कागदपत्रांची ही रडकथा दिल्लीला कळवली. रस्त्यावरच्या कलावंताचे ओळखपत्र निघाले, तर निदान पुढच्या पिढीच्या हातात एक पुरावा राहील.

कायदा मुंबई-दिल्लीत बदलेल तेव्हा बदलेल. आपल्या दोन शहरांना तोवर एक गोष्ट करता येईल आणि तिला मंत्रालयाची परवानगी लागत नाही. चैत्रात धुळ्याला पांझरेकाठी एकविरादेवीची यात्रा भरते. कार्तिकी एकादशीला जुन्या जळगावातल्या श्रीराम मंदिराचा रथ निघतो. १८७२ पासूनची ही परंपरा. दोन्ही वेळा पाळणेवाले, खेळणीवाले, रेवड्या-बत्ताशांची दुकाने यांच्या जागांचा विचार आधीपासून होतो. त्याच नकाशावर दहा-बारा जागा आणखी आखाव्यात. भिंतीच्या कडेने, रथाची आणि गर्दीची वाट सोडून, सहा-सहा फुटांच्या. भाडे नको, अर्ज नको. सकाळी जो आधी येईल त्याची जागा, आणि तासाभराने दुसऱ्याची. बंदोबस्ताच्या पोलिसांना आदल्या दिवशी एवढेच सांगावे, की त्या चुन्याच्या चौकटीत खाकी कपडे घालून कुणी वॉरंट वाचत असेल, तर त्याला उठवू नका, पुढे काय होते ते पाहा. खर्च म्हणाल, तर एक घमेले चुना.